अर्ध्यावर थांबलेली वेल

डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं, आणि गावाच्या टोकाला त्याहून इवलं घर. त्या घरात कुंदा आणि तिची आई राहायच्या. गावातल्या भिंतीभिंतीवर आईची चित्रं होती. कुणाच्या दाराशी हिरवा मोर, कुणाच्या देवघरात गुलाबी कमळं. आईचा एक नेम होता. वेल काढायला घेतली की दिवस मावळायच्या आत पुरी करायची. अर्धी वेल भिंतीवर ठेवायची नाही.

पण श्रावणात आईला मोठा ताप आला. ताप गेला, आणि जाताना हातातलं बळ घेऊन गेला. कुंचला धरला की बोटं थरथरायची. एके दिवशी आईनं कुंचला फडताळात टाकला आणि भिंतीकडे तोंड करून निजली, ती अंथरुणातून उठेचना. भिंत तरी कशी? चुलीच्या धुरानं काळी आणि कोरी. लोक म्हणायचे, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!" बोलणाऱ्याचं काय जातं? कुंदा मात्र चार घरची भांडी घासून पेज आणायची आणि आईला दोन घोट पाजायची.

वैद्यबुवा म्हणाले, "औषधाचं काम झालं, पोरी. आता हिला उठावंसं वाटलं पाहिजे. नाहीतर ही अशीच झिजत जाईल."

उठावंसं वाटायचं औषध कुठल्या झाडाला लागतं? कुंदाला फार भीती वाटली.

दिवाळी जवळ आली. फुटकंतुटकं घरात ठेवू नये म्हणून लोकांनी जुन्या वस्तू गावाबाहेरच्या बागेत, बकुळीखाली नेऊन टाकल्या. किती सुंदर वस्तू होत्या त्या! पण एक टवका उडाला की माणसांना त्यातलं सुंदर दिसेनासंच होतं. कुंदाला दिसायचं. ती तिथं बसून एकेक वस्तू परकराच्या टोकानं पुसायची.

एका दुपारी तिनं टवका उडालेली एक बशी पुसली. बशीवर एक चिमुकला निळा पक्षी होता. तोच बशीच्या काठावर झुळझुळ उजेड झाला आणि अंगठ्याएवढी परी उभी राहिली. पंख अभ्रकाचे, झगा जरीच्या सुटलेल्या धाग्यांचा, केसांत बकुळीचं एकच फूल.

"किती दिवसांनी कुणी मला अंघोळ घातली गं!" परी हसली. "मी नक्षीपरी. माग काय हवं ते."

"माझ्या आईचा हात बरा कर."

परीचा चेहरा उतरला. "ते माझ्या हातात नाही, बाळ. मी फक्त नक्षी देऊ शकते. इथल्या तीन वस्तू उचल. भिंतीला टेकवल्यास की त्यांची नक्षी भिंतीवर जाईल. पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. नक्षी भिंतीवर गेली की वस्तूवरून कायमची पुसली जाते. आणि सगळं दिवस मावळायच्या आत झालं पाहिजे."

कुंदानं निळी बशी उचलली. जुन्या शालूचा सोनेरी वेलीचा काठ उचलला. आणि लाखेच्या रंगांनी रंगवलेलं, लालचुटुक फुलांचं, कुंकवाच्या करंड्याचं झाकण उचलून ती घराकडे धावत सुटली.

आई डोळे मिटून पडली होती. कुंदानं भिंतीला बशी टेकवली. फुर्रकन निळा पक्षी भिंतीवर जाऊन बसला आणि बशी पांढरी झाली. मग शालूचा काठ टेकवला. सोनेरी वेल आईच्या उशापासून सरसर चढत निघाली आणि अर्ध्या भिंतीवर येऊन थांबली. आता फुलं! फुलांनी उरलेली भिंत भरली असती. कुंदा झाकण टेकवणार, इतक्यात दारातून आवाज आला.

"पोरी, करंड्याचं झाकण पाहिलंस काय गं कुठं?"

शेजारचे धाकूआजोबा होते. धापा टाकत होते बिचारे. "सूनबाईनं टाकलं. तिची काही चूक नाही, फुटकंच होतं. पण आमची ही रोज सकाळी ते उघडायची. ही गेली. तेवढीच ती फुलं राहिली होती बघ."

कुंदाचा हात पाठीमागे होता. हातात झाकण. मागे सरकली असती तरी झाकण भिंतीला लागलं असतं. मग आजोबांना झाकणही मिळालं असतं, पण कोरं लाकूड. आई एकदा उठू दे, मग काय ते बघू, असं तिला वाटलं. अगदी खरं वाटलं. पण आजोबांची बोटं हवेतच फुलं चाचपत होती.

तिनं झाकण त्यांच्या हातावर ठेवलं. आजोबांनी एकेका फुलावरून बोट फिरवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गेले.

ऊन खिडकीच्या खाली उतरलं होतं. बागेत पुन्हा जाऊन यायला वेळ नव्हता. कुंदा भिंतीशी बसून हुंदके देऊ लागली.

"कुंदे..."

किती दिवसांनी आईचा आवाज! आईचे डोळे उघडे होते आणि भिंतीवर खिळले होते.

"वेल अर्धी कुणी सोडली गं?"

"मी. फुलं... फुलं देऊन टाकली, आई."

"ऐकलं मी," आई म्हणाली. मग कोपरावर भार देऊन हळूहळू उठून बसली. "दिवस मावळतोय. अर्धी वेल ठेवतात का? कुंचला आण. आणि गेरू कालव."

हात थरथरत होता. कुंदानं खालून हात धरला, तर आई म्हणाली, "राहू दे, थरथरू दे." पहिलं फूल वाकडं आलं. दुसरं त्याहून वाकडं. वाऱ्यानं हलल्यासारखी दिसत होती ती फुलं. आईनं मान तिरकी करून पाहिलं आणि ती हसली.

खिडकीत अभ्रकाचे पंख चमकले. "तुझी एक नक्षी उरली की गं," परी म्हणाली.

"नको. आई काढतेय."

परीनं केसांतलं बकुळीचं फूल काढून खिडकीत ठेवलं. मावळतीचं शेवटचं ऊन सोन्यासारखं घरभर पसरलं, आणि ते विझलं तेव्हा परी नव्हती. आई शेवटच्या पाकळीशी आली होती.

"जरा दिवा धर गं," ती म्हणाली. "उद्या धाकूआजोबांची भिंत बघून येऊ. त्यांच्याकडे ती फुलं आहेत, बघून बघून काढता येतील."