पावण्याचं ‘परत’

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे आज जे म्हातारे पारावर खोकतात त्यांचे आजे खोकत होते तेव्हाची ही गोष्ट. पोरांनी पुढं बसावं. मोठ्यांनीही ऐकावं, पण मधे बोलू नये. मधे बोलण्यापायीच हे सगळं घडलं.

बोरतळं गावाच्या वर सडा आहे. सडा म्हणजे काळ्या कातळाचं उघडं पठार, वर बोटभर माती आणि खुरटं गवत. तीन बाजूंना उतार, पश्चिमेला कडा. कड्यावरून दगड टाकला तर तो पडल्याचा आवाज येत नाही, असं म्हणतात. त्या सड्यावर गावची पोरं फुटबॉल खेळायची.

खेळायची पोरं, पण ओरडायला अख्खा गाव. बाप, चुलते, आजे सगळे रेघेवर उभे. पोरगं पडलं तर शिवी, चुकलं तर शिवी, जिंकलं तर मागच्या खेपेला का हरलास म्हणून शिवी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं ते एकमेकांना सांगत. देव किती घडले ते कुणी सांगत नाही. फुटलेले दगड मात्र घरोघर होते, आणि तेच पुढं बाप झाले.

सड्यावर ओरडलं की कड्यातून पडसाद यायचा. एके वर्षी तो यायचा बंद झाला, असं म्हणतात. शिवी जायची आणि आत कुठंतरी मुरायची. गावाच्या ते ध्यानातही आलं नाही. ज्याला नुसतं बोलायचंच असतं, त्याला उत्तर आलं नाही हे कळत नाही.

त्या गावात गावच्याच लेकीचा, साळूबाईचा, नवरा राहायला आला. कोल्हापुरात एका तालमीच्या संघाकडून तो फुटबॉल खेळायचा. गुडघा गेला, खेळ सुटला. सासऱ्याला मुलगा नव्हता, म्हणून इथं घरजावई झाला. त्याचं नाव गावानं विचारलं नाही. जावई म्हणून पावणा म्हटलं, आणि तो पावणाच राहिला.

पावणा पोरांना खेळवू लागला. पोरगं चुकलं की तो एवढंच म्हणायचा, “परत.” लंगडत जाऊन बॉल स्वतः आणायचा, पोराच्या पायाशी ठेवायचा, आणि पुन्हा, “परत.” आवाज चढायचा नाही, पडायचा नाही. जमलं की मात्र जवळ जाऊन नेमकं काय जमलं ते सांगायचा. पाय कसा वळला, मान कशी वर होती. ज्या पोरांना कुणी खेळात घेत नसे त्यांना तो घ्यायचा. शेवटी नाही, सुरुवातीलाच.

गावाला ते बघवेना. घरजावयानं आम्हाला शिकवायचं का, अशी कुजबुज सुरू झाली. रावबा पाटलानं तर सगळ्यांदेखत विचारलं, “पावणं, पोरं खेळवताय का पाळण्यात झोपवताय?”

“पाळण्याचं काढलंसा म्हणून इचारतो,” पावणा म्हणाला. “पोरगं पयलं पाऊल टाकताना पडलं, तवा शिवी दिलीवती का, पाटील?”

लोक हसले. रावबा हसला नाही.

पोरं बदलली. चुकल्यावर रेघेकडं बघायची ती पावण्याकडं बघू लागली, आणि मग कुणाकडंच न बघता बॉलमागं धावू लागली. धाकट्या पोरांचे झोपेत पाय हलायचे, आणि ती हसायची, असं त्यांच्या आया सांगत.

मग दसऱ्यानंतर पलीकडच्या वाडीशी सामना ठरला. गोलात उभा होता रावबाचा मुलगा जोती. खेळ संपत आला तेव्हा कड्याखालून धुकं चढत होतं. एक बॉल आला, हळू, कुणीही अडवावा असा. तो जोतीच्या दोन पायांमधून गेला. गाव हरला.

पावणा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याच्या गुडघ्यानं तो पोचेपर्यंत रावबा रेघ ओलांडून आत गेला होता. त्यानं पोराला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणतात. तो म्हणाला, “परत माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाई.”

जोतीनं बापाकडं बघितलं, पाठ फिरवली आणि धुक्यात चालत गेला.

“जातंय कुठं? भूक लागली की येतंय,” म्हाताऱ्यांनी ठरवलं आणि विड्या पेटवल्या. विड्या संपल्या. पोरगं आलं नाही. तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की ते पश्चिमेकडं गेलंय.

धुकं असं दाट की स्वतःचा हात दिसेना. रावबा पुढं झाला आणि त्यानं हाक मारली, “जोत्या!”

कड्यातून उत्तर आलं, इतक्या वर्षांनी. पण नाव आलं नाही. रावबाच्याच आवाजात आलं: परत माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाई.

दुसऱ्यानं हाक मारली. त्याला त्याची कुठल्याशा जुन्या सामन्यातली शिवी आली. मग सगळेच ओरडू लागले, आणि कड्यानं मुरवलेलं सगळं बाहेर काढलं. जिवंत माणसांचे आवाज आले, मेलेल्यांचेही आले. एका म्हाताऱ्यानं आपल्या मेलेल्या बापाचा आवाज ओळखला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून तो खाली बसला, लहान पोर बसतं तसा.

आणि प्रत्येक हाकेसरशी धुक्यात खडी सरकायची. आधीपेक्षा लांब. आपण पोराला बोलावतोय आणि पोर काठाकडं हाकललं जातंय, हे तेव्हा त्यांना कळलं.

पावण्यानं बॉल काखेत घेतला. “एकानंबी तोंड उघडू नगा,” तो म्हणाला. “लई बोललासा.” आणि लंगडत धुक्यात शिरला.

आयुष्यात पहिल्यांदा तो गाव गप्प बसला.

धुक्यातून बॉल आपटल्याचा आवाज आला. मग शब्द आला, “परत.” न चढता, न पडता. कड्यानं तो घेतला आणि जसाच्या तसा दिला. त्या शब्दाला कधी कुणाचा राग लागलेलाच नव्हता, तर कडा दुसरं काय देणार? परत. धप्प. परत.

बऱ्याच वेळानं जोती धुक्यातून बाहेर आला. पायानं बॉल ढकलत येत होता. मागून ‘परत’ येतच होतं, म्हणून पावणाही येतोय असं सगळ्यांना वाटलं. तो आला नाही.

जोतीनं सांगितलं ते असं. तो अगदी काठावर होता. पावण्यानं बॉल दिला, त्याला तो अडवता आला नाही, बॉल कड्यावरून खाली गेला. पावणं म्हणालं, मी आणतो, तू तयार ऱ्हा. आणि ते पुढं चालत गेले, खाली जमीन असावी तसे. त्यांचं लंगडणंही थांबलं होतं. मग खालून बॉल वर आला आणि पोराच्या पायाशी थांबला.

सकाळी माणसं दोर घेऊन कड्याखाली उतरली. पावणा सापडला नाही, त्याचं मुंडासंही सापडलं नाही.

साळूबाईनं कुंकू पुसलं नाही. म्हातारे समजवायला गेले तेव्हा ती म्हणाली, “पावणा हाय. येईल न्हाईतर न्हाई येईल. तुमी नगा बोलू.” रावबा रोज काठावर जाऊन पावण्याला हाक मारायचा आणि रोज आपलंच वाक्य ऐकून यायचा. शेवटी त्याची वाचा गेली, असं म्हणतात. जोती मात्र त्याला हाताला धरून घरी आणायचा. मी आणला नसता.

आजही बोरतळ्यात पावण्याचा खेळ होतो. दसऱ्यानंतर सड्यावर पहिलं धुकं चढेल त्या दिवशी बाप खेळतात आणि पोरं रेघेवर उभी राहतात. पोरांना त्या दिवशी काहीही बोलायची मुभा असते. वर्षभराचं मनात असेल ते बोलावं. बापांची तोंडं बघण्यासारखी असतात. पोटं सुटलेली, धापा लागलेल्या, सरळ आलेला बॉल पायांतून जातो, आणि चोरासारखे ते रेघेकडं बघतात.

पोरं म्हणतात, “परत.”

धुकं दाट झालं की पोरं गप्प होतात आणि खाली घरी निघून जातात. शब्द मात्र थांबत नाही. तो कड्याकडून येत राहतो. तो थांबेपर्यंत बापांनी खेळ सोडायचा नाही अशी रीत आहे, आणि ती मोडायची कुणा बापाची छाती नाही. एखाद्या वर्षी पोरं जेवून हात धुतात, तरी वर सड्यावर बॉल आपटतच असतो.