पाटकरी खेमकाची कबुली

पूर्वी वेत्रवती नगरात बलसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथून एका दिवसाच्या वाटेवरच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव खेमक. पंचविसाव्या वर्षी गावाने त्याला पाटकरी नेमले. बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाचे पाणी पाळीपाळीने शेतांना द्यायचे, हे त्याचे काम. त्या गावाचा रिवाज असा, की पाणी वाटणाऱ्याने आपले शेत सर्वांच्या मागून भिजवायचे. खेमकाने पंचावन्न वर्षे तसेच केले. एखाद्या वर्षी त्याच्या हाती नुसता पेंढा येई, पण तो कुरकुरला नाही.

पाटाचे पाणी ज्या मोरीतून शेतात शिरे, त्या प्रत्येक मोरीत एक दगडी उंबरा बसवलेला होता. सगळे उंबरे एकाच उंचीचे, म्हणून सगळ्यांना पाणी सारखे. दर वर्षी पेरणीआधी खेमक पाटात उतरे, एकेका उंबऱ्यावर पाऊल ठेवून पाही आणि "बरोबर आहे" म्हणे. त्यावर कोणी दुसऱ्यांदा पाहत नसे.

तो ऐंशी वर्षांचा झाला त्या साली पाटाच्या शेवटच्या सात घरांची रोपे पिवळी पडली. हे सलग तिसरे वर्ष होते. खेमक त्यांच्यावर चिडला.

"बांध लिंपत नाही, उंदरांची बिळं बुजवत नाही, मग पाणी टिकेल कसं? आळशी झालात सगळे!"

त्या सात घरांत रेवती नावाची विधवा होती. ती म्हणाली, "बाबा, तीन वर्षं हेच ऐकतेय. माझे बांध येऊन बघा. आणि मुखियाच्या मोरीत एकदा हात घाला. पायावर विसंबू नका. परवा तुमच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, तुम्हांला कळलं तरी का? मी काढला तो."

खेमक तसाच गावचा मुखिया भद्रक याच्या उसाकडे गेला आणि गुडघे टेकून त्याने मोरीत हात घातला. शेवाळाखाली छिन्नीचे घाव हाताला लागले. जास्त पाणी यावे म्हणून उंबरा चार बोटे तासून खाली केलेला होता. तीन वर्षे बधिर पायाने त्याने त्याच दगडावर उभे राहून "बरोबर आहे" म्हटले होते.

त्याला राग आला. भद्रकाचा बांध फोडण्यासाठी त्याने कुदळ उगारली. तेवढ्यात भद्रक धावत आला.

"काका, थांबा! उंबरा मी उद्याच बदलतो, गुपचूप. चार दिवसांनी राजाचे अमात्य येतायत तुम्हांला शेला द्यायला. पंचावन्न वर्षांचं नाव तुमचं. लोकांना काय सांगाल, की पाटकऱ्याला पाटातलंच कळलं नाही?"

खेमकाने कुदळ खाली ठेवली. बांध फुटला असता तर दोघांचे भांडण म्हणून लोकांनी ते सोडवले असते आणि चोरी त्या चिखलात बुडाली असती.

"काही बदलू नकोस," तो म्हणाला. "हात लावलास तर याच कुदळीने तुझा हात तोडीन."

चार दिवस तो मोरीवर बसून राहिला. भाकरी तिथेच खाल्ली.

अमात्य आले. ढोल वाजले. भद्रकाने मोठे भाषण केले. अमात्य शेला घेऊन पुढे झाले, तेव्हा खेमक मागे सरला.

"महाराज, या गावात तीन वर्षं पाण्याची चोरी झाली. चोर हा भद्रक. आणि राखणदार मी होतो."

भद्रक हसला. "म्हाताऱ्याला ऊन लागलंय. चार दिवस उन्हात बसलाय."

अमात्यांच्या कपाळाला आठी पडली. "आजोबा, हा सोहळा आहे. तक्रार नंतर सांगा."

"तक्रार नाही, कबुली आहे!" खेमक ओरडला. त्याला असे ओरडताना गावाने कधी ऐकले नव्हते. "ज्यांचं पाणी गेलं त्यांनाच मी आळशी म्हणालो. चला, पाण्यात हात घाला. मग शेला कोणाला द्यायचा ते ठरवा."

सगळा गाव पाटावर गेला. अमात्यांनी बाह्या सारून मोरीत हात घातला, आणि भद्रकाचे हसू मावळले. त्याच दिवशी नवा उंबरा बसला. भद्रकाचे मुखियापण गेले आणि तीन वर्षे त्याची पाळी सर्वांच्या शेवटी लागली. खेमकाने पाटकरीपण सोडले आणि आपल्या शेताचे पाणी त्या सात घरांना दिले.

मग तो सातही दारांत जाऊन उभा राहिला. सहा घरांनी त्याला आत बसवले. सातवा कोसिय नावाचा म्हातारा उंबऱ्यातून हलला नाही.

"पीक गेलं म्हणून माझा कर्ता मुलगा पोटासाठी परमुलखात गेला, तिकडेच मेला. तुला माफी देऊन मी हलका का करू?"

"देऊ नकोस," खेमक म्हणाला. "तू बोल. मी ऐकायला आलोय."

कोसिय दिवस मावळेपर्यंत बोलत राहिला. खेमक उभ्यानेच ऐकत राहिला.

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची रेवती ती आज तुम्हांला तुमच्या चुका तोंडावर सांगणारी ज्येष्ठ भिक्षुणी थेरी सोमा. तेव्हाचा भद्रक तो संघाची चिवरे लपवून ठेवणारा भिक्षू. कोसिय तो आजचा थेर उत्तिय, आणि त्याचा राग त्या दिवशी खरा होता. पाटकरी खेमक तो मी. आपले नाव बुडत असतानाही जे लपवले जात नाही, ते सत्य. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्यातली परिपूर्णता, जोडली."