फाटकाबाहेरचे दोघे भाऊ

फार जुन्या काळी जंगलाला खेटून एका बागाईतदाराची पोफळीची बाग होती. जुना राखणदार काम सोडून गेला, म्हणून बागाईतदाराने नव्यासाठी दवंडी पिटवली.

जंगलापलीकडच्या वाडीतून दोघे भाऊ सकाळीच आले. बागाईतदाराने त्यांना फाटकाबाहेर उन्हात बसवलं. ना पाणी विचारलं, ना नाव. स्वतः मात्र जेवून झोपाळ्यावर आडवा झाला. दिवस कलल्यावर त्याने त्यांना हाक मारली. धाकटा बोलताना अडखळला, तसा तो खो खो हसला.

"तुझी आरोळी पुरी होईपर्यंत रानडुकरं बाग फस्त करतील! जा आता. उद्या बघू."

थोरल्याने हात जोडले. "मालक, अंधार पडतोय. वाटेवर वाघ आहे. आजची रात्र पडवीत टेकू द्या."

"ही काय धर्मशाळा वाटली?"

दोघे जंगलाच्या वाटेला लागले.

दिवेलागणीला जंगलातून डरकाळी आली. पाठोपाठ माणसाची किंकाळी. मग सगळं चिडीचूप. बागाईतदाराच्या हातातला घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी कुणी आलं नाही. त्यानंतरही नाही. बागाईतदाराची झोप उडाली. पान वाजलं तरी ती किंकाळी त्याच्या कानात घुमे. शेवटी न राहवून तो एकटाच वाडीकडे निघाला.

अर्ध्या वाटेत करवंदीच्या जाळीला फाटकं मुंडासं लटकत होतं. त्यावर रक्त वाळलेलं. मागे पाचोळा खसखसला आणि तो जिवाच्या आकांताने पळत सुटला.

वाडीतलं पहिलंच दार त्याने ठोठावलं, ते उघडलं. समोर धाकटा! दंडाला फडकं बांधलेलं.

"मा... मालक? आ... आधी आत या. पाणी घ्या."

"झाडावर चढलो म्हणून वाचलो," आतून थोरला म्हणाला. "वाघाचा पंजा लागला, पण याच्या जिवावरचं दंडावर निभावलं."

बागाईतदाराला रडू फुटलं. "चुकलो मी! दोघेही कामाला या. मागाल ते देईन."

थोरल्याने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. "काम हवंय, मालक. पण तुमच्या फाटकाशी यायची आता भीती वाटते. वाघाची नव्हे, तुमची."

तरीही उजेड होता तोवर दोघांनी त्याला बागेपर्यंत सोबत केली. तो "आत या, आत या" म्हणत राहिला. ते आले नाहीत.

वाडीवरचं दुसरं कुणीही कामाला आलं नाही. संध्याकाळ झाली, की बागाईतदार स्वतःच डबा बडवत पोफळींमधून फिरे, आणि जंगलाकडे पाठ करायला घाबरे.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: काम मागायला आलेल्याला काम देता आलं नाही तरी चालेल, पण माणूस म्हणून मान दिल्यावाचून त्याला दारातून परत पाठवू नये.