आजारी खलाशी

“मग वर्ग माझ्या हाती कधी देताय, बाबा?”

बाबांच्या हाताखाली शिकलेल्या हेरंब सबनीसनं पुन्हा तेच विचारलं.

मिरजेतल्या फकिरांच्या जुन्या मठीच्या, तकियाच्या ओट्यावर, लिंबाच्या सावलीत मास्तरबाबा बसले होते. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, बायको गेल्यावर घर पुतण्याला देऊन टाकलं आणि इथे येऊन राहिले. इंग्रजी मात्र सुटलं नाही. दर गुरुवारी संध्याकाळी ओट्यावर वर्ग भरे. परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्स मुली, हॉटेलात लागलेली पोरं, कुणीही यावं.

नियम एकच होता. बाबांची काठी ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलून झालं की त्यानंच ती दुसऱ्याला द्यायची. काढून कुणी घ्यायची नाही.

बाबा मोतीबिंदू काढायला गेले म्हणून गेल्या गुरुवारचा वर्ग हेरंबनं घेतला. तेव्हापासून काठी त्याच्याकडेच होती. आत्ताही मांडीवर होती.

“काय शिकवलंस?”

हेरंब खुलला. या प्रश्नाचीच तर तो वाट पाहत होता. इंग्रजीतला कुठलाही वाक्प्रचार घ्या, तो कुठल्या दरबारात जन्मला आणि कुठल्या बंदरात वाढला हे हेरंबला तोंडपाठ. स्वतःच्या आत्याला मुलं किती, हे विचारलं असतं तर गडी अडखळला असता.

“पांढऱ्या हत्तीची गोष्ट सांगितली. सयामचा राजा म्हणे ज्या सरदारावर रुसे, त्याला पांढरा हत्ती भेट देई. तो पोसता पोसता सरदार धुळीला मिळे. सगळे खूश झाले, बाबा! मग ती रोहिणी आवळे बोलायला उठली...”

रोहिणी शिकाऊ नर्स. परदेशातल्या नोकरीसाठी तिची मुलाखत तोंडावर आली होती. इतके दिवस ओट्याच्या कडेला गप्प बसून, त्या दिवशी तिनं पहिल्यांदा आपणहून काठी मागितली होती.

“आणि पहिल्याच वाक्याला घोटाळा! म्हणाली, माय मदर इज अंडर द क्लाउड. मला हसूच आलं. मी हसलो म्हणून सगळे हसले. मग मी काठी घेतली... म्हणजे, समजावून सांगायला. अंडर अ क्लाउड म्हणजे संशयाच्या छायेत. तिला हवं होतं अंडर द वेदर. ते आलं जहाजांवरून. खलाशी आजारी पडला की त्याला डेकखाली नेत, वादळवाऱ्यापासून लांब, असं सांगतात. पुढे मग जहाजांवरचेच शब्द घेतले, वर्ग संपेपर्यंत.”

“काय म्हणत होती ती?”

“सांगितलं ना. अंडर द क्लाउड.”

“ते ती चुकली. म्हणत काय होती?”

हेरंबनं मांडीवरच्या काठीकडे पाहिलं.

लिंबावर होला घुमत होता...

आई आजारी आहे, असं म्हणत होती. इतकं साधं. ओट्यावर एवढी माणसं बसली होती आणि एकानंही विचारलं नाही, काय झालंय गं तुझ्या आईला? आणि आपण? आपण तिच्या हातची काठी घेऊन जहाजांवर हिंडत होतो. हेरंबला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

“परवा रस्त्यात दिसली होती,” तो हळूच म्हणाला. “मला बघून पलीकडच्या बाजूला गेली. मला वाटलं, अभ्यास केला नसेल. मुलाखतीला जाणार नाही म्हणतेय, असं कळलं...”

बाबांनी हात पुढे केला. हेरंबनं काठी त्यांच्या हातात ठेवली.

बाबांनी ती चाचपली आणि परत त्याच्या मांडीवर ठेवली.

“जिची घेतलीस तिला दे.”

हेरंब उठला तो थेट रोहिणीच्या इस्पितळात गेला.

रोहिणी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती, मांडीवर पेजेचा डबा. त्याला पाहून तिचा चेहरा आक्रसला.

“सर, मला नको आता इंग्रजी.”

हेरंबनं काठी तिच्यापुढे धरली. जाणारे-येणारे बघायला लागले.

“हाऊ इज युवर मदर?”

ती कितीतरी वेळ काठीकडे बघत राहिली. मग तिनं ती घेतली. आणि बोलायला लागली, अडखळत, शब्द शोधत, इंग्रजीतच. सुरुवातीला तिची एकेक चूक हेरंबला टोचत होती. जीभ दाताखाली धरून तो ऐकत राहिला. मग कधीतरी टोचायचं थांबलं, ते त्याला कळलंही नाही.

संध्याकाळी तो ओट्यावर परतला. बाबा तिथेच होते.

“किती चुका केल्या तिनं?”

“पित्ताशय काढलंय, बाबा. दोन दिवस ताप उतरत नव्हता, पोरगी पार घाबरली होती. आता पेज जातेय पोटात. सोमवारी टाके काढणार. आईला घरी नेलं की गुरुवारी येते म्हणाली. मुलाखत द्यायचीच आहे तिला.”

बाबांनी त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“काठी?”

“तिच्याकडेच आहे. तिचं बोलून झालं नव्हतं. डॉक्टर आले म्हणून उठली.”

बाबांनी सतरंजी झटकली. वर्ग घेताना ते ज्या जागी बसत, तिथून बाजूला सरकले आणि हेरंबला खूण केली. हेरंब बिचकत तिथे टेकला.

“बरं...” बाबा म्हणाले. “ते तुझे डेकखाली नेलेले खलाशी. बरे झाले का रे ते?”