कल्लोलिनीचा उःशाप

पूर्वी त्रेतायुगात, सह्याद्रीच्या ज्या गहन दरीत भर मध्यान्हीही सूर्याला वाकून पाहावे लागे, तेथे कल्लोलिनी नावाची यक्षिणी राहत होती. कड्यावरून कोसळणाऱ्या जलप्रपाताची राखण तिच्याकडे होती. पाणी सोडावे, पाणी आवरावे, तहानलेल्या श्वापदांना वाट द्यावी, एवढेच तिचे काम. कामापेक्षा खोड्यांत तिचा जीव अधिक रमे, हे मात्र कबूल केले पाहिजे.

त्याच डोहाकाठी तीक्ष्णव्रत नावाच्या महातपस्व्यांचा आश्रम होता. वेदवेदांगांत पारंगत, जितेंद्रिय, मिताहारी असे हे ऋषी; राग तेवढा नाकाच्या शेंड्यावर. स्नानाला उतरण्यापूर्वी ते करंगळीने पाणी चाचपत आणि गार लागले की भुवया आक्रसत. ते पाहून कल्लोलिनीला रोज हसू फुटे. एके प्रभाती ते अर्घ्य देण्यास उभे असता तिने मुद्दाम पाण्याचा लोंढा सैल सोडला. ऋषी नखशिखांत भिजले. तेवढे त्यांनी सोसलेही असते, पण गुरूंनी प्रसाद म्हणून दिलेला कमंडलू लोंढ्याबरोबर दरीत गेला.

"उन्मत्त यक्षिणी," ते गरजले, "दुसऱ्याची फजिती पाहण्याची तुला हौस आहे. तर मग या प्रपाताच्या पडद्याआड, पाषाणाच्या कपारीत कोंडून राहा. सर्व पाहशील, सर्व ऐकशील. तुझा शब्द मात्र कोणाच्याही कानी पडणार नाही."

कल्लोलिनीने पाय धरले, पदर पसरला. दिलेला शाप परत घेता येत नाही, म्हणून ऋषींनी उःशाप दिला. जो कोणी या प्रपातापुढे येऊन, माझ्यात काय दोष पाहिलास ते सांग, असे आपण होऊन विचारील, त्याला तिचा शब्द ऐकू येईल. मनात तिळभर राग न ठेवता तिने तो दोष सांगितला, तर ती सुटेल. राग उरला, तर कल्पांतापर्यंत तेथेच. एवढे बोलून ऋषी किंचित हसले. माणसे देवाकडे काय वाटेल ते मागतात, पण आपला दोष कोण विचारतो? मनुष्यस्वभावाचे त्यांचे ज्ञान दांडगेच म्हणायचे.

कपारीत उभे राहण्यापुरती जागा होती, बसण्यापुरती नव्हती. समोर अहोरात्र पाण्याची भिंत. तिच्यातून कल्लोलिनीला राजे दिसत. ते रक्ताळलेली खड्गे धूत आणि पुत्र मागत. तापस येत, ते सिद्धी मागत. ती जीव तोडून हाका मारी, पाण्याचा घोष त्या गिळून टाकी. द्वापर सरता सरता तिने हाका मारणे सोडले. खोडकरपणा आटला, गाणे आटले. उरला तो तीक्ष्णव्रतांवरचा संताप. त्या गारठ्यात तेवढीच तिला ऊब होती.

मग कलियुगात बुद्धाचे भिक्षू त्या अरण्यात आले. प्रपाताशेजारचा कातळ कोरून त्यांनी विहार घडवला, आत स्तूप उभारला, दीप लावला. पुढे पुष्कळ काळाने एका आषाढात उपशांत नावाचे वृद्ध भिक्षू तेथे वर्षावासाला आले. पावसाळाभर भिक्षूने एके ठिकाणीच राहावे, असा त्यांचा नियम. सोबती मागून येणार होते, पण ओढ्याला पूर आला, वाट खचली आणि उपशांत एकटे अडकले. वरच्या पाड्यात मिळेल ती भिक्षा घ्यावी आणि प्रपातापुढे ध्यानाला बसावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

पहिल्याच सकाळी त्यांनी डोहाचे पाणी करंगळीने चाचपले आणि भुवया आक्रसल्या.

कल्लोलिनीने तीक्ष्णव्रतांना ओळखले. देह नवा, अंगावरचे भिक्षूचे चीवर नवे, पण जीव तोच होता. त्यांना मात्र पूर्वजन्माचे काही स्मरत नव्हते. ती पावसाळाभर आतल्या आत जळत राहिली. तरी डोळे मिटून बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या गालांवरून अश्रू वाहत, हे तिला दिसतच होते. एकदा स्तूपापुढे ते पुटपुटताना तिने ऐकले, की ही जागा मला पुनःपुन्हा ओढून आणते, येथे माझे काय राहिले आहे ते कळत नाही. कोंडणाराही सुटलेला नाही, हे तिला तेव्हा उमगले. राग मात्र गेला नाही.

आश्विनी पौर्णिमा आली. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्षू संघापुढे उकिडवा बसून आपले दोष विचारतो. त्या विधीला पवारणा म्हणतात. एकट्या भिक्षूने मनात संकल्प केला तरी चालते. उपशांतांनी तो केला, पण समाधान होईना. तेव्हा ते प्रपातापुढे गेले, एक खांदा उघडा टाकून उकिडवे बसले आणि त्यांनी हात जोडले.

"तुझ्यावाचून मला येथे सोबत नव्हती," ते म्हणाले. "माझा दोष तू पाहिला असशील, ऐकला असशील, वा तुला शंका आली असेल, तर अनुकंपेने सांग. कळला तर मी सुधारेन."

युगानुयुगे साठलेले शब्द कल्लोलिनीच्या कंठाशी आले. तिने तोंड उघडले आणि घाबरून मिटले. राग तसाच होता. आता बोलले तर कायमची कैद, न बोलले तर असा विचारणारा पुन्हा कधी येणार? म्हातारे भिक्षू उत्तराची वाट पाहत तसेच उकिडवे बसून राहिले. एवढ्यात वाऱ्याच्या झोताने गार तुषारांचा फटकारा त्यांच्या मानेवर बसला आणि जोडलेल्या हातांच्या वर त्यांच्या भुवया तशाच, अगदी तशाच आक्रसल्या.

कल्लोलिनीला हसू फुटले. त्रेतायुगानंतर प्रथमच. ते आवरता आवरेना, आणि हसता हसता पाहते तर आत काही जळत नव्हते.

"भदन्त," ती म्हणाली, "गार पाणी अंगावर आले की तुम्हाला राग येतो. फार जुनी खोड आहे. तिच्यापायी एकदा तुम्ही एका पोरीला कोंडून घातलेत. आणि तिने मुद्दाम सोडलेल्या लोंढ्यात तुमचा कमंडलू वाहून गेला होता, हा तिचा दोष."

उपशांतांनी पाण्याला मस्तक लावले. "कळला," ते म्हणाले. "बाहेर ये, माये."

पाण्याची भिंत मधोमध दुभंगली आणि कल्लोलिनी बाहेर आली. तेव्हापासून तो प्रपात दोन धारांनी पडतो आणि मधला कातळ भर श्रावणातही कोरडा राहतो. पाड्यावरची माणसे तेथे वर मागत नाहीत. डोहात उतरण्यापूर्वी ती सोबत्याला आपला दोष विचारतात, आणि ज्याला हसून सांगता येत नाही, त्याने गप्प राहावे असा तेथला दंडक आहे.