तांदळाएवढ्या स्क्रूची डुगडुग

एक होता स्क्रू. तांदळाएवढा. राहायचा शाल्मलीताईच्या तोंडात.

ताईचे दात होते पुढे. त्यांना मागे ओढायचं होतं. ओढायला खुंटी हवी. म्हणून डॉक्टरकाकूंनी स्क्रू रोवला. हिरडीतून थेट हाडात. स्क्रूची ऐट काय विचारता.

पण एक दिवस पकडच गेली. डुगडुग डुगडुग. डुगडुगणारी खुंटी काय कामाची? काकू काढूनच टाकणार. स्क्रू रडवेला झाला.

डुगडुग डुगडुग, स्क्रूने हाडाला हाक मारली.
"हाडा हाडा, मला धर. मी आपला डुगडुगतो."
हाड म्हणालं, "हिरडी सूज उतरवेल, तर मी धरीन."

तेवढ्यात आली जीभ. चोंबडी कुठली. लप लप, स्क्रूलाच ढकलून बघते.

डुगडुग डुगडुग, स्क्रूने हिरडीला हाक मारली.
"हिरडी हिरडी, सूज उतरव. हाड मला धरेना, मी आपला डुगडुगतो."
हिरडी म्हणाली, "ब्रश मला घासेल, तर मी उतरवीन."

डुगडुग डुगडुग, स्क्रूने ब्रशला हाक मारली.
"ब्रशदादा, हिरडी घास. हिरडी सूज उतरवेना, हाड मला धरेना, मी आपला डुगडुगतो."
ब्रश म्हणाला, "ताई मला तिकडे आणेल, तर मी घाशीन."

डुगडुग डुगडुग, स्क्रूने ताईला हाक मारली.
"ताई ताई, ब्रश आण. ब्रश हिरडी घासेना, हिरडी सूज उतरवेना, हाड मला धरेना, मी आपला डुगडुगतो."
ताई म्हणाली, "तुला धक्का लागला तर? काकू सांगतील, तर मी आणीन."

वेडी गं ताई. स्क्रूला जपायचं, म्हणून तिकडे ब्रशच फिरवत नव्हती. सगळे दात लख्ख. तेवढा कोपरा तसाच.

डुगडुग डुगडुग, स्क्रूने काकूंना हाक मारली.
"काकू काकू, ताईला सांगा. ताई ब्रश आणेना, ब्रश हिरडी घासेना, हिरडी सूज उतरवेना, हाड मला धरेना, मी आपला डुगडुगतो."

काकू हसल्या. ताईला म्हणाल्या, "जपायचं म्हणजे घासायचं, बाळा. मऊ ब्रश, हळू हात. आणि जिभेला म्हणावं, गप्प बस."

मग काय. ताईने ब्रश आणला. खसखस खसखस, ब्रशने हिरडी घासली. हिरडीने सूज उतरवली. हाडाने स्क्रूला धरलं. गच्च. जीभ बसली गुपचूप.

काकूंनी स्क्रू हलवून बघितला. हलेना. पुन्हा बघितला. हलेना.
"शाब्बास रे पठ्ठ्या," काकू म्हणाल्या. त्यांनी त्याच्यापासून दातांपर्यंत स्प्रिंग बांधली.

स्क्रूने दात ओढले. ओढले, ओढले, ओढले. एवढे मोठे दात सरकत सरकत आले मागे. स्क्रू तसूभर सरकला नाही. तांदळाएवढा, पण उभा ताठ.

झाली गोष्ट. चला, चूळ भरा.