पितळेचा चंद्र

फार फार पूर्वी, तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही दात आले नव्हते तेव्हा, डोंगराखालच्या एका गावात हणम्या कासारानं एक पैज घेतली. घ्यायची नव्हती. घेतली.

त्या गावात संकष्टीला झाडून सगळे उपास धरायचे. चंद्र दिसला की गणपतीला नैवेद्य, आणि मगच जेवण. हणम्याचा दोस्त भिवा तेली मात्र दुपारीच भुकेनं कळवळला.

"हणम्या, एवढी भांडी ठोकतोस, आज चंद्र जरा लवकर उगवून दाखव की! जमलं तर गावभर नाक घासत जाईन."

"नाक सांभाळ," हणम्या म्हणाला. "उगवलाच समज."

अंधार पडला तसा तो दुकानातली सगळ्यात मोठी परात घेऊन डोंगरावर चढला. परात चिंचेनं घासून घासून आरसा केलेली. ती त्यानं झाडाला टांगली आणि तिच्यापुढं, मोठ्या दगडाच्या आड, जाळ पेटवला. परात लालपिवळी लखलखली.

खालून आरोळी आली, "उगवला! उगवला!"

देवळातली घंटा वाजली, हात जोडले गेले, देवळापुढं पंगतीची पानं वाढली. लोक असे तुटून पडले की आरतीसुद्धा अर्धीच झाली. आणि भात अजून पानात होता तोवर डोंगरामागून खरा चंद्र वर आला.

सगळ्यांचे घास घशातच अडकले.

भागाआत्या पानावरून उठली. तिची नात तापानं फणफणली होती, तिच्यासाठीच आत्यानं उपास धरला होता. "देवानं मला खोटा चंद्र दाखवला," ती म्हणाली. "माझा उपास मोडला. माझ्यावर रागावलाय तो. आता तो माफ करेपर्यंत पाणीसुद्धा पिणार नाही." आणि ती देवळाच्या पायरीवर जाऊन बसली.

इकडे डोंगरावर हणम्या पोट धरून हसत परात सोडवत होता. सहज त्यानं वर पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. खरा चंद्र वरच्या अंगाला चेपलेला होता. त्याची परात तर पूर्ण गोल!

जन्मभर संकष्टी धरूनही चौथीचा चंद्र पुनवेसारखा गोल नसतो हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि ऐका, खाली बसलेल्या अख्ख्या गावालाही नव्हतं! हात सगळे जोडायचे, बघायचं कुणीच नाही. चंद्र म्हणजे त्यांना जेवणाची घंटा.

सकाळी आत्या तिथंच होती. ओठ सुकलेले.

"गप्प राहा," देवळासमोर भिवा हणम्याच्या कानात कुजबुजला. "कळलं तर लोक सोलून काढतील आपल्याला."

हणम्या मान खाली घालून निघाला, तर आत्यानंच हाक मारली. "अरे हणम्या, काल पंगतीत दिसला नाहीस. जेवलास ना रे लेकरा?"

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हणम्याला वाटलं, जमिनीनं आत्ताच्या आत्ता गिळावं.

तो पंचांग बघणाऱ्या जोशीबुवांकडे गेला. "बुवा, चंद्र चेपलेला का असतो?"

बुवांनी त्याला निरखून पाहिलं. "सगळं गाव विचारतंय, चंद्र दोन कसे आले. तू एकटाच विचारतोस, चेपलेला का." त्यांनी राजगिऱ्याचा लाडू घेतला आणि त्याला अंगणात आणलं. पूर्वेला ऊन चढत होतं. पश्चिमेला फिकट चंद्र अजून मावळायचा होता.

"हा लाडू चंद्राशेजारी धर. खाऊ नकोस, बघ."

हणम्यानं लाडू धरला. लाडवावर एका कडेला ऊन पोचत नव्हतं. चंद्राची तीच कड गायब होती. अगदी तीच.

त्याच्या अंगावर काटा आला. "बुवा, हातातला लाडू आणि इतक्या लांबचा चंद्र, दोघांवर एकच ऊन?"

"एकच. सूर्याच्या मानानं त्याची जागा रोज थोडी बदलते, म्हणून रोज कड बदलते. वेळही ठरलेली. कुणाच्या रागानं तो मागंपुढं होत नाही."

"हे केलं कुणी?"

"ज्याच्यापुढं तू डोळे मिटतोस त्यानं. कधी उघडे ठेवूनही हात जोड."

हणम्या धावत देवळाच्या पायरीपाशी आला. आत्याच्या हातात लाडू देऊन त्यानं चंद्राकडं बोट केलं, बुवांचं सगळं बोलणं सांगितलं. "आत्या, असली घडी बसवणारा देव एका घासावरून रुसेल होय?"

आत्यानं लाडू चंद्राशेजारी धरून बघितला. तिचे डोळे भरले. "एवढा मोठा कारभार," ती पुटपुटली, "आणि मी समजत होते तो माझं ताट मोजत बसलाय." मग तिची नजर वळली. "पण काय रे, आधी उगवला तो कुणाचा?"

लोक जमले होते. भिवा मागून डोळे वटारत होता. आत्ताही खोटं खपलं असतं.

"माझा," हणम्या म्हणाला. "माझाच, आत्या. पितळेचा होता. परात टांगली होती मी."

आत्यानं त्याच्याकडं बघितलं, लाडू खाली ठेवला, आणि पाणी प्यायला तांब्यासाठी त्याच्यापुढंच हात केला.

तर बारक्यांनो आणि थोरांनो, बोध एवढाच: आभाळ डोळे उघडून बघितलं की देव लहान होत नाही, आपलीच भक्ती मोठी होते.